पुस्तक उघडं ठेवून परीक्षा घ्या

सहावी-सातवीतल्या मुलाचं सामाजिक विज्ञानाचं पुस्तक उघडून बघा. धड्यात जागोजागी पेन्सिलीचे कंस आणि बाजूला ‘प्र. २’, ‘प्र. ५’ अशा खुणा दिसतील. वर्गात सांगितलं जातं, ‘यहाँ से यहाँ तक’, आणि मुलं तेवढंच पाठ करतात. इथे भोपाळमध्ये संध्याकाळी माझ्याकडे शेजारपाजारची मुलं अभ्यासाला येतात. कुणी हिंदी माध्यमाची, कुणी इंग्रजी, काहींच्या घरी मराठी. शाळा वेगवेगळ्या असल्या तरी कंस सगळ्यांच्या पुस्तकात आहेत.

ही मुलं घडाघडा वाचतात, म्हणून आईवडील निश्चिंत असतात. मी एकदा भोपाळच्या मोठ्या तलावावर चार ओळी लिहून सातवीतल्या एका मुलीला दिल्या. अकराव्या शतकात राजा भोजाने बांध घालून हा तलाव केला असं मानतात, वगैरे. तिने न अडखळता वाचलं. मी विचारलं, ‘तलावाच्या आधी तिथे काय असेल?’ तिचं बोट ओळींवरून पुन्हा फिरलं. ‘काकू, हे यात लिहिलेलंच नाही.’ मग मी विचारलं, बांध कशावर घालतात? ती थांबली. ‘नदीवर. म्हणजे तिथे नदी होती!’ होतीच, कोलांस नदी. आणि पाठोपाठ तिचाच प्रश्न आला, ‘मग पाण्याखाली कुणाची जमीन गेली?’

या वयात शिकायचं वाचन ते हे. न लिहिलेलं ताडणं, लिहिणाऱ्याला प्रश्न विचारणं, नकाशा आणि मजकूर शेजारी ठेवून पडताळणं. विज्ञानाचा धडा गोष्टीच्या वेगाने वाचून चालत नाही, हेही कुणीतरी बसून दाखवावं लागतं. आपली सगळी चिंता त्याआधीच्या पायरीवर थांबते. पाचवीतल्या जवळपास निम्म्या ग्रामीण मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, असं ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाचे अहवाल सांगतात. ते भयंकरच आहे. २०२१मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ या सरकारी अभियानाने तिसरीपर्यंतच्या वाचनावर भर दिला, तेही योग्यच. पण तिसरीनंतर वाचन शिकवण्याची जबाबदारी कुणाची? सहावीचं पुस्तक ते येतंच असं धरून चालतं.

याचं उत्तर आमच्या मध्य प्रदेशाने एकदा शोधलं होतं. होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२ साली होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. १९८२पासून तो ‘एकलव्य’ संस्थेने पुढे नेला. सहावी ते आठवीच्या ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत तयार उत्तरं नव्हती. प्रयोगाच्या सूचना होत्या आणि प्रश्न होते. सूचना नीट वाचली नाही तर प्रयोग फसायचा, मग मूल आपणहून मागे जाऊन पुन्हा वाचायचं. आणि परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती! पुढे ‘एकलव्य’ने सामाजिक विज्ञानातही तेच केलं. पुस्तक समोर असताना पाठांतराला अर्थ उरत नाही. कुठे शोधायचं आणि सापडलेल्यातून काय निष्कर्ष काढायचा, हेच तपासलं जातं. गावच्या सरकारी शाळांतली मुलं हे करत होती. २००२मध्ये राज्य सरकारने विज्ञानाचा हा कार्यक्रम बंद केला. मला तो निर्णय तेव्हाही चुकीचा वाटला, आजही वाटतो.

कंसांचा दोष मी शिक्षकांना देत नाही. पन्नास मुलांचा वर्ग, संपवायचा अभ्यासक्रम आणि शब्दाला शब्द जुळला की गुण देणारी उत्तरपत्रिका असेल, तर कुणीही कंसच करून देईल. बदल व्हायला हवा तो प्रश्नपत्रिकेत. घरी मात्र आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही. ‘चकमक’ या हिंदी मासिकाचा किंवा बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचा अंक मुलासोबत वाचावा आणि ज्याचं उत्तर पानावर नाही असा एक प्रश्न विचारावा. भाषा कुठलीही चालेल. मराठीत लागलेली ही सवय हिंदी-इंग्रजीच्या पुस्तकातही उपयोगी पडते.

आणि पुढच्या पालकसभेत गुणांची चौकशी झाली की शाळेला एवढं विचारा: सहामाहीत एका विषयाचा तरी पेपर पुस्तक उघडं ठेवून घ्याल का?