परकर-पोलक्याचा वॉर्ड

"मामी, तुम्ही पुण्यात बसून कंपन्यांना गावंच्या गावं निवडून द्यायचात. मला एक वॉर्ड निवडून द्या."

नणंदेची मुलगी हे म्हणाली तेव्हा आम्ही तंजावूरच्या घराच्या ओसरीवर बसलो होतो. नणंदेचं सासर तिथलं, किल्ल्यातलं, मेल वीधीपासून चार पावलांवरचं. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावूर घेतलं, १८५५ मध्ये कंपनी सरकारने ते राज्य खालसा केलं, आणि राज्याबरोबर आलेली माणसं तिथेच राहिली. या घरात आजही चौकात मराठी बोलतात आणि उंबरठा ओलांडला की तमिळ. भाचीला देवनागरी वाचता येत नाही, पण लहान मुलीच्या रेशमी पेहरावाला ती शेजारणीसमोर 'पट्टु पावाडै' म्हणते आणि घरात परकर-पोलकं. तिला दुकान त्याचंच काढायचं आहे. जन्मल्यापासून सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलांचे कपडे, बारशा-वाढदिवसाचे, पोंगल-दिवाळीचे. भांडवल थोडं आहे, चूक परवडणार नाही. म्हणून तिने २०११ च्या जनगणनेचे वॉर्डवार तक्ते लॅपटॉपवर उतरवून घेतले होते.

मला फार बरं वाटलं. दुकान काढणारी माणसं बहुधा मामेभावाचा गाळा रिकामा आहे म्हणून काढतात. ही मुलगी आधी मोजायला बसली होती. जनगणनेसारखं दुसरं साधन आपल्याकडे नाही, आणि ते फुकट आहे. त्याच्यामागे एखाद्या शाळेतली शिक्षिका असते, वही छातीशी धरून उन्हातान्हात जिने चढणारी. १९४८ च्या जनगणना कायद्याने दिलेला शब्दही असतो: घराने सांगितलेलं घराच्या नावाने कुठे उघड होणार नाही, कोर्टातसुद्धा पुरावा म्हणून चालणार नाही. त्या भरवशावर लोक दार उघडतात. आपल्याला दिसते ती फक्त वॉर्डाची बेरीज.

तंजावूर शहराची २०११ ची लोकसंख्या २,२२,९४३. १९०१ मध्ये ती ५७,८७० होती. म्हणजे एकशे दहा वर्षांत चौपट होता होता राहिली. चेन्नई-कोइमतूरसारखं हे धावणारं शहर नाही. २०११ मध्ये इथे नगरपालिका होती, ५१ वॉर्डांची. महापालिका २०१४ मध्ये झाली. हजार पुरुषांमागे बायका १,०४२. शून्य ते सहा वयाची मुलं सुमारे वीस हजार, म्हणजे अकरा माणसांत एक. हा शेवटचा रकाना भाचीच्या कामाचा, आणि तिने तो प्रत्येक वॉर्डापुढे पिवळा रंगवून ठेवला होता. दोन वॉर्ड तिने काढले होते: एक आपल्याच घराभोवतीचा, किल्ल्यातला, दुसरा मेडिकल कॉलेज रस्त्याच्या बाजूचा, नव्या घरांचा. किल्ल्यातल्या वॉर्डात घरांच्या मानाने मुलं कमी, नव्यात जास्त. तिचा कौल नव्याकडे होता. तो भक्कम करायला ती घरयादीचे तक्ते उघडून सांगायला लागली की टीव्ही किती घरांत, स्कूटर किती घरांत.

टीव्हीच्या रकान्यावर मी तिचा हात धरला.

जनगणना दोन टप्प्यांत होते. आधी घरयादी, मग माणसांची मोजणी. २०११ ची घरयादी २०१० मध्येच झाली. त्यात ३५ प्रश्न होते: छप्पर कशाचं, पाणी कुठून येतं, संडास आहे का, स्वयंपाक कशावर, आणि मग घरातल्या वस्तू. रेडिओ, टीव्ही, कॉम्प्युटर, फोन, सायकल, स्कूटर, मोटार, शिवाय बँकेचा व्यवहार आहे की नाही. वस्तूंची ही विचारपूस २००१ पासून सुरू झाली आणि आमच्या बाजार-पाहणीच्या धंद्याला घबाड सापडलं. जनगणना उत्पन्न विचारत नाही, पण वस्तू विचारते. वस्तूंवरून ऐपत काढायची, ऐपतीवरून वस्ती निवडायची. सगळं सरळ वाटतं.

आता तमिळनाडूचा आकडा पाहा. २०११ मध्ये देशातल्या ४७ टक्के घरांत टीव्ही होता, महाराष्ट्रात सुमारे ५७ टक्के, आणि तमिळनाडूत ८७. याच रकान्यावर विसंबलं तर तंजावूरच्या कुठल्याही गल्लीने आपल्याकडच्या चांगल्या पेठेला मागे टाकावं. पण २००६ च्या निवडणुकीत द्रमुकने घरोघर रंगीत टीव्ही फुकट देण्याचं वचन दिलं होतं, आणि सत्तेवर आल्यावर करुणानिधी सरकारने ते पाळलं. पाच वर्षांत दीड कोटींहून जास्त संच वाटले गेले. प्रगणक दारात उभा राहिला तेव्हा वाटप चालूच होतं. त्याला "टीव्ही आहे का" एवढंच विचारायचं होतं. "आहे" हे उत्तर खरंच होतं. तो विकत घेतला की मिळाला, हा प्रश्न त्याच्या कागदावर नव्हता.

त्याच तक्त्यात बँकेचा रकाना उलटं बोलतो. महाराष्ट्रात ६९ टक्के घरं बँकेशी जोडलेली, तमिळनाडूत साडेबावन्न. एका रकान्याने तमिळनाडू श्रीमंत, दुसऱ्याने महाराष्ट्र.

हे मी भाचीला शिकवायला सांगत नव्हते. मला स्वतःला ते उशिरा कळलं आणि त्याची खंत आहे. २०११ मध्येच आमच्या धंद्याने ग्राहकांची नवी वर्गवारी स्वीकारली. घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि अकरा वस्तूंपैकी घरात किती, यावरून कुटुंबाचा वर्ग ठरवायचा. त्या अकरांत रंगीत टीव्ही होता. मी कितीतरी अहवालांत दक्षिणेतल्या वस्त्या त्या मापाने वर चढवल्या. एका लहान व्यापाऱ्याने माझ्या शब्दावर अशा एका वस्तीत गाळा घेतला आणि वर्षभरात सोडला. त्याच्या पैशाचं मोल त्याला किती होतं ते मला माहीत होतं. मापच दक्षिणेत वाकडं आहे हे मी त्याला आधी सांगायला हवं होतं.

पण म्हणून तो रकाना फेकून द्यायचा नाही. फुकट आलेल्या टीव्हीला जोडणी लागतेच. २०११ मध्ये पुढच्या सरकारने अरसू केबल महिना सत्तर रुपयांत द्यायला घेतली, तेव्हा घरात टीव्ही आहे एवढंच पुरेसं होतं; तो कुठून आला याच्याशी केबलला देणंघेणं नव्हतं. केबलवाल्यासाठी, दुरुस्तीवाल्यासाठी तो रकाना चोख. रेशमी परकर विकणाऱ्या मुलीसाठी नाही. माल बदलला की रकान्याचा अर्थ बदलतो.

मोटारीचा रकाना तर मी तिला दारात उभं राहून वाचायला सांगितला. किल्ल्यातल्या वॉर्डात मोटारी कमी. समोरची गल्ली पाहा, म्हटलं. दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला भिंतीला टेकावं लागतं. जिथे मोटार शिरतच नाही तिथे मोटार कमीच दिसणार. समोरच्या घरातल्या मुलाची गाडी पेरियकोविलच्या, म्हणजे मोठ्या देवळाच्या बाजूला, मित्राच्या अंगणात उभी असते. तसंच काम करणाऱ्यांचं. जुन्या वॉर्डात कामकऱ्यांचं प्रमाण कमी, कारण तिथे पेन्शनर राहतात. शिक्षक, तालुका कचेरीतले, रेल्वेतले. मुलगा चेन्नईत किंवा सिंगापुरात. जनगणनेच्या भाषेत ते 'काम न करणारे'. महिन्याच्या पहिल्या तारखेला बँकेतून पिशवी घेऊन निघणारे तेच असतात.

एका रकान्याविषयी मात्र मला निराळं बोलायचं होतं, आणि ते मी घरातल्या सगळ्यांदेखत बोलले. जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्यात माणसं, मुलं यांच्यानंतर लगेच अनुसूचित जातींचा रकाना येतो. तो तिथे आहे राखीव जागांसाठी, योजनांसाठी, अन्याय मोजता यावा म्हणून. मी बैठकांत पाहिलं आहे: दुकानाच्या जागेची चर्चा सुरू होते, कुणीतरी सगळ्यांत आधी त्या रकान्यावर बोट ठेवतं आणि मोठा आकडा असलेले वॉर्ड खोडतं. शिक्षण पाहत नाही, घरं पाहत नाही, काही नाही. पेन्सिलीची एक रेघ. त्या वस्तीत मग चांगलं दुकान येत नाही, आणि दहा वर्षांनी तीच वस्ती 'मागास बाजार' म्हणून पुन्हा खोडली जाते. ज्या आकड्याने दाद मागायची त्याच आकड्याने दार लावायचं, हे पाप आहे. आणि बारसं कुठल्या घरात होत नाही? पहिल्या मुलीला रेशमी परकर घ्यायला आई कर्ज काढते. भाचीने तो रकाना तक्त्यातून काढलाच. मी म्हटलं, काढू नकोस, राहू दे. पण त्यावरून वॉर्ड खोडायचा नाही.

नणंदेचे यजमान इतका वेळ कॉफी थंड करत होते, दवऱ्यातून टंबलरमध्ये, टंबलरमधून दवऱ्यात. ते म्हणाले, "तुम्ही दोघी इथे कोण झोपतं ते मोजताय. इथे विकत घ्यायला कोण येतं ते बघा."

ते आयुष्यभर भाताच्या व्यवहारात होते, त्यांचं ऐकलं पाहिजे. तंजावूरचा बाजार तंजावूरचा नाहीच. तो कावेरीच्या खोऱ्याचा आहे. मेट्टूरचं धरण रिवाजाने १२ जूनला उघडतं, त्या पाण्यावर भाताचं आधी कुरुवै पीक, मग सांबा. सांब्याची कापणी पोंगलच्या आगेमागे. हातात पैसा आला की गावंच्या गावं बसने येतात आणि जुन्या बसस्टँडवर उतरतात. गांधीजी रोडवर, तेर्कु वीधीत पाय ठेवायला जागा नसते. तमिळ आडी महिन्यात सवलतीचे फलक लागतात तेव्हा पुन्हा तेच. या गर्दीतलं एकही माणूस त्या वॉर्डाच्या लोकसंख्येत नाही. ते आपापल्या गावच्या पानावर मोजलेलं आहे. शहराच्या कडेचंही तसंच: २०११ मध्ये नांजीकोट्टै रस्त्याने पुढे गेलं की नगरपालिका संपून पंचायत लागायची, घरं मात्र सलग. रस्त्याच्या त्या बाजूचं नवं जोडपं शहराच्या तक्त्यात सापडत नाही.

मग वय. २०११ ला जी मुलं सहा वर्षांच्या आत होती, ती आता दहावी-बारावीत किंवा कॉलेजात आहेत, काही तर दाढी करतात. २०२१ ची जनगणना करोनाने हुकली आणि लांबत गेली. पुढची २०२७ ची. परकर-पोलक्यासाठी पंधरा वर्षांचा आकडा म्हणजे एका पिढीचं अंतर. मधे वॉर्डांच्या हद्दीही नव्याने आखल्या गेल्या, त्यामुळे जुना क्रमांक आजच्या पाटीशी जुळेलच असं नाही. नकाशा शेजारी ठेवून गल्ली गल्ली लावून घ्यावी लागते. ते कंटाळवाणं काम भाचीने दोन रात्रीत केलं.

आपल्या जुन्या दफ्तरांत याला खानेसुमारी म्हणत, घरांची मोजदाद. तो शब्द मला जनगणनेपेक्षा जवळचा वाटतो, कारण त्यात घर आधी येतं. पुण्यात धनंजयराव गाडगीळांनी १९३६-३७ साली गोखले संस्थेतर्फे शहराची पाहणी केली तेव्हा सरकारी आकडे हाताशी असूनही माणसं घरोघर पाठवली होती. तेच भाचीला करायला सांगितलं. तक्त्याने वॉर्ड सुचवले, आता पायांनी तपासायचे. अंगणवाडीच्या बाईंशी बोलायचं. लसीच्या दिवशी आरोग्य केंद्राबाहेर किती आया बसतात ते पाहायचं. सकाळी शाळेच्या व्हॅन कुठल्या कोपऱ्यावर थांबतात ते लिहायचं. आणि गच्च्यांवरच्या दोऱ्या. तान्ह्या मुलाचं घर दोरीवरून लांबूनही ओळखू येतं, ओळीने वाळत घातलेली लंगोटं असतात.

आठवडाभर ती पहाटे फिरली. नव्या वॉर्डात दोऱ्या भरलेल्या होत्या. तक्ता तिथे खोटा नव्हता. किल्ल्यातल्या गल्लीत बहुतेक दोऱ्यांवर धोतरं आणि नऊवारीची आठवण करून देणारी लांब सुती लुगडी. म्हणाली, "मामी, आपल्याकडे गिऱ्हाईक नाही."

तेव्हा तिची आजी आतून उठून आली. नव्वदीला टेकलेली, कानाने मंद, पण ऐकायचं ते ऐकते. तिने देवघरातल्या फडताळातून एक डबी आणली. डबीत पांढऱ्या दोऱ्याच्या गुंडाळ्या होत्या, प्रत्येकीला दोन गाठी. एक दोरा चेन्नईच्या पणतीचा, एक न्यू जर्सीतल्या दुसऱ्या पणतीचा. मागच्या मे महिन्यात मुली आल्या होत्या तेव्हा कमरेपासून घोट्यापर्यंत धरून एक गाठ मारलेली, आणि वाढत्या अंगाचं म्हणून चार बोटं सोडून दुसरी. दर पोंगलला त्या मापाचे परकर इथून शिवून जातात. शेजारच्या दोन घरांतल्या म्हाताऱ्याही तसंच करतात, आणि शिंप्याला दोराच देतात.

"दुकान नाही ना जवळ," आजी म्हणाली. "मग रिक्षा करून जावं लागतं. गुडघे दुखतात."

भाचीने लॅपटॉप मिटला, वही घेतली आणि त्या गल्लीतल्या पहिल्या दाराची कडी वाजवायला गेली. आत काय विचारायचं ते तिने जाताना वहीच्या वरच्या ओळीत लिहून घेतलं होतं: नातवंडं किती, कुठे असतात, कधी येतात.