पुरलेल्या टाक्या आणि पुरलेली जबाबदारी

'दृष्टिआड सृष्टी' ही म्हण व्यवहारात कितीही सोयीची असली तरी भूमीच्या पोटात ठेवलेल्या तेलाला ती लागू पडत नाही. हवाई बेटांतील होनोलुलू शहरानजीक रेड हिल नावाची टेकडी आहे. अमेरिकन आरमाराने 1940 ते 1943 या युद्धकाळात तिच्या पोटात वीस टाक्या बांधल्या. प्रत्येकीची उंची 250 फूट, सर्वांची मिळून साठवणशक्ती सुमारे 25 कोटी गॅलन. आणि टाक्यांच्या तळापासून अवघ्या शंभर फुटांखाली त्या शहराची तहान भागविणारा भूजलसाठा! युद्ध संपले, टाक्या मात्र राहिल्या. 2014 साली त्यांतील एका टाकीतून 27 हजार गॅलन तेल गळाले. तेव्हाच हा प्रश्न निकालात निघावयास हवा होता.

तो निघाला नाही. मे 2021 मध्ये सांडलेले हजारो गॅलन तेल अग्निशमनाच्या एका नळात साठून राहिले आणि त्याच वर्षी 20 नोव्हेंबर रोजी तो नळ भंगला. आरमारी वसाहतींतील पाण्यास तेलाचा वास येऊ लागला. सुमारे 93 हजार लोकांना पाणी पुरविणारी ही व्यवस्था. पण पाणी असुरक्षित असल्याचे तूर्त चिन्ह दिसत नाही, असेच प्रारंभी अधिकारी सांगत राहिले. अखेर मार्च 2022 मध्ये संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी टाक्या कायमच्या बंद करण्याचा आदेश दिला, आणि दहा कोटी गॅलनांहून अधिक तेल बाहेर काढण्यास 2024 साल उजाडले. बैल गेला आणि झोपा केला, तो असा!

विशेष हे की, अमेरिकेत याविषयी कायदा नव्हता असे मुळीच नाही. 1984 साली काँग्रेसने भूमिगत टाक्यांसंबंधी कायदा केला. 1988 च्या नियमांनी जुन्या टाक्या सुधारण्यास, बदलण्यास अथवा बंद करण्यास दहा वर्षांची मुदत दिली. टाकी कायमची बंद करताना तेथील भूमी दूषित झाली आहे की काय, हे तपासणे बंधनकारक केले. इंधनाच्या प्रत्येक गॅलनामागे सेंटचा दहावा हिस्सा कर बसवून साफसफाईसाठी निधी उभारला. त्या देशात आजवर पाच लाखांहून अधिक ठिकाणी गळती सिद्ध झाली आहे. परंतु रेड हिलसारख्या जागेवरच बांधलेल्या महाकाय टाक्यांना त्या नियमांतील अनेक तरतुदींतून सूट होती. ती 2015 साली काढून घेतली गेली. जेथे धोका सर्वांत मोठा, तेथेच सवलत!

गळतीचे स्वरूप समजून घेतले म्हणजे तपासणीचा आग्रह अनाठायी वाटणार नाही. लोखंड गंजते, सांधे ढिले होतात आणि तेल मातीतून झिरपत भूजलावर तरंगू लागते. त्यातील बेंझिन हे कर्करोगकारक द्रव्य पाण्यात विरघळते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम ठरविली आहे. पेट्रोलमध्ये बेंझिन एक टक्का धरले तरी एका लिटर पेट्रोलमधील बेंझिन जवळजवळ नऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसे ठरते.

आपल्याकडे हे संकट परके नाही. चेन्नईच्या तोंडियारपेट भागात 2013 साली भूमिगत तेलनळाच्या गळतीमुळे रहिवाशांच्या कूपनलिकांत तेल आले होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी 2020 मध्ये नव्या पेट्रोल पंपांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शाळा, रुग्णालये व वस्ती यांपासून 50 मीटर, आणि कोणत्याही परिस्थितीत 30 मीटरांपेक्षा कमी नाही, असे अंतर त्यांत सांगितले आहे. तेलसाठ्यांचे परवाने पाहणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय तर आपल्या नागपुरातच आहे. पण नव्या पंपांची काळजी घेतली म्हणजे जुन्यांचे ऋण फिटत नाही. भरवस्तीतील भूखंडाचे मोल वाढले की जुना पंप जातो आणि त्या जागी इमारत उभी राहते. टाकी उचलली म्हणजे तिने मातीत सोडलेले तेलही उचलले गेले, असे समजणे हा भाबडेपणा होय. उन्हाळ्यात कूपनलिकेवर विसंबणाऱ्या शहरांना हा भाबडेपणा परवडणारा नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. भूमिगत टाकी काढताच तेथील माती व भूजल यांची तपासणी तटस्थ प्रयोगशाळेकडून व्हावी. तिचा अहवाल नागरिकांस पाहावयास मिळावा. जागा निर्दोष ठरल्यावाचून महापालिकेने तेथे बांधकामास अनुमती देऊ नये, आणि सफाईचा खर्च ज्याने तेल साठविले त्यानेच सोसावा. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल; झाकलेल्या टाकीची किंमत मात्र पिढ्यान्‌पिढ्या चुकवावी लागते, आणि ती चुकविणारे बहुधा दुसरेच असतात.