दप्तराची सचोटी
भीमेच्या दोन तीरांवरील शिरूर व दौंड तालुक्यांच्या दप्तरांत सातबाऱ्यावरील बदलामागे गाव नमुना सहामधील फेरफाराची नोंद उभी असते, आणि लेखनप्रमाद आढळल्यास 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या कलम 155 अन्वये रीतसर आदेशानेच त्याची दुरुस्ती होते. संगणकीय आज्ञावलींचा इतिहास राखणाऱ्या, 2005 साली लिनस टोरवाल्ड्स यांनी निर्मिलेल्या गिट प्रणालीतही प्रत्येक नोंदीची ओळख तिच्या मजकुरावरूनच गणिताने सिद्ध होत असल्यामुळे विकृत मजकूर तपासणीत उघड होतो. दोन्हीकडे अशी विकृत, अवाचनीय झालेली नोंद तर्काने भरून काढणे अथवा मुकाट्याने वगळणे हा इतिहासाशी द्रोह होय. दोषाचे स्थान स्पष्ट सांगून तेथेच थांबावे आणि शाबूत प्रतीवरून मूळ मजकूर पुनःस्थापित करावा, हाच प्रामाणिक कारभार.