चामड्याचा चेंडू

१९६४ साली सोव्हिएत संघात मुलांसाठी फुटबॉलची एक देशव्यापी स्पर्धा सुरू झाली. तिचे नाव ‘चामड्याचा चेंडू’. घरांमागील अंगणांत खेळणाऱ्या मुलांनी आपला संघ बांधावा, प्रथम गावात, मग जिल्ह्यात व प्रांतात विजय मिळवावा आणि अखेर दूरदूरच्या प्रदेशांतील संघांशी अंतिम सामने खेळावेत, अशी तिची रचना होती.

तिचा एक नियम मला विशेष आवडतो. क्रीडाशाळांत शिकणाऱ्या मुलांना तीत प्रवेश नसे. उत्तम खेळाडूच वगळले तर खेळाचा दर्जा काय राहणार, असे कोणी विचारील. आक्षेप अगदीच पोकळ नाही. निवडक मुलांना तयार करण्याची सोयही त्या देशात होती, आणि १९७७ साली ट्युनिशियात भरलेली पहिली जागतिक युवक स्पर्धा त्यांनीच जिंकली.

पण निवडलेल्यांना दारे उघडीच असतात, उरलेल्यांचे काय? १९६३ साली युरोपचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरलेला गोलरक्षक लेव याशिन कोठून आला होता? युद्धकाळात लहान वयातच तो कारखान्यात कामाला लागला आणि तेथील कामगारांच्या संघात गोल राखू लागला.

सोव्हिएत संघ १९९१ साली विसर्जित झाला; ‘चामड्याचा चेंडू’ मात्र रशियात नंतरही खेळला गेला. आपल्याकडे शाळाशाळांतून तेच अकरा जण खेळतात व इतर टाळ्या वाजवितात. वर्षातून एकदा तरी त्या अकरांना वगळून वर्गावर्गांचे सामने भरवावेत. त्यांनी हवे तर त्या दिवशी पंच व्हावे.