सोळाशे मीटरच्या पुढे

पहाटे पाच वाजता विजापूर रस्त्याला आम्ही मंद्रूपची दहा-बारा मुले धावत असतो. पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर धावावे लागते, गोळा फेकावा लागतो, लेखी परीक्षा द्यावी लागते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पोराच्या अंगावर खाकी यावी, एवढीच आईची इच्छा.

पण एक प्रश्न मला सतावतो. उंची मोजतात, छाती मोजतात, मनाचे काय?

माझे मामा दुसऱ्या जिल्ह्यात हवालदार आहेत. गेल्या दिवाळीत ते दोन दिवस उशिरा आले. जेवताना कुणाशी बोलले नाहीत. दारात फटाका वाजला, तसे धाकट्यावर ओरडले. मला रागच आला. रात्री ओसरीवर त्यांनी सांगितले, की अपघातात गेलेल्या एका मुलाचा पंचनामा त्यांना करावा लागला होता. मुलगा धाकट्याच्याच वयाचा. कागद पुरे झाले आणि तसेच बंदोबस्ताला जावे लागले. "कुणाला सांगणार? पोलीस असून रडतोस, म्हणाले असते," मामा म्हणाले.

'पोलीस असून' या दोन शब्दांनीच त्यांचे तोंड बंद केले आहे, असे मला वाटते. आषाढीला आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, लाखो वारकरी दर्शन घेतात. त्यांची रांग सांभाळणारा शिपाई दमला असेल, हे आपल्या मनात तरी येते का?

कुणी म्हणेल, माणसे कमी, काम जास्त, इलाज काय? इलाज शोधला तर सापडतो. मे २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याची कल्पना एका शिपायानेच मांडली होती आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. याउलट ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांचा असंतोष रस्त्यावर आला, तेव्हा सैन्य बोलवावे लागले. वेळीच ऐकून घेणे कधीही बरे!

पाळी आठ तासांची हवी, सुटी हक्काची हवी. मृतदेह, दंगल, अपघात पाहून आलेल्याला मन मोकळे करण्यासाठी जाणता माणूस हवा, आणि तिथे गेल्याची नोंद बढतीच्या आड येता कामा नये. हे लाड नव्हेत. थकलेल्या, कोंडलेल्या माणसाच्या हाती काठी देणे आपल्यालाही महाग पडेल.

मित्रहो, उद्या पहाटे मी पुन्हा धावणार आहे. खाकी मला हवीच आहे. पण ती अंगावर चढल्यावर मला रडू आले, तर मी कुणाकडे जावे, एवढे मात्र आजच कुणीतरी सांगावे.