पुतळा बाईचा, हात कुणाचे?

जिजाऊ, अहिल्यादेवी, सावित्रीबाई. चौकाचौकांत आता बायकांचे पुतळे उभे राहताहेत. आमच्या जेऊरपासून अहिल्यादेवींचे चौंडी फार लांब नाही. २०१९ मध्ये सोलापूर विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले, २०२४ मध्ये शेजारच्या जिल्ह्यालाही. आनंदच आहे. पण मैत्रिणींनो, हे पुतळे घडवतो कोण, असे आपण कधी विचारतो का?

आपल्याकडे शिल्पकार म्हटले की नावे येतात म्हात्रे, करमरकर, फडके यांची. म्हात्र्यांची 'मंदिरपथगामिनी' बाईच. बाई घडवण्याचा विषय म्हणून चालते, घडवणारी म्हणून नाही. सोलापूरच्या भगवान रामपुरे यांनी मुंबई शेअर बाजारापुढचा ब्राँझचा बैल घडवला, याचा मलाही अभिमान आहे. पण त्या रांगेत आपली मुलगी का नाही?

म्हणतात, "अंगमेहनतीचे काम, बायकांना झेपायचे नाही." उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते ती कोण? कुंभारवाड्यात माती मळते ती कोण? चाकाला मात्र तिने हात लावायचा नाही! म्हणजे प्रश्न ताकदीचा नाही, हत्यार कुणाच्या हाती असावे याचा आहे.

कोलकात्याच्या मीरा मुखर्जी (१९२३–१९९८) यांनी हे हत्यार हाती घेतले. लग्न मोडल्यावर त्या शिकल्या, १९५३ ते ५६ म्युनिकला राहिल्या, परतल्यावर पोटासाठी शाळेत शिकवले. १९६० मध्ये नोकरी सोडून त्या बस्तरच्या घडव्यांकडे गेल्या आणि मेण वितळवून धातू ओतण्याची त्यांची रीत शिकल्या. कोळी, विणकर, मजूर अशी कष्टकरी माणसे त्यांनी ब्राँझमध्ये आणली. दिल्लीतला त्यांचा कलिंगचा अशोक माणसापेक्षा उंच आहे. १९९२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मी चित्रकला शिकवते. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला मुली उत्तम श्रेणी मिळवतात. पुढे काय? "चित्रकलेची बाई हो, शाळा बरी, वेळेत घरी येता येते." शिकवणे वाईट नाही. पुरुष शिल्पकार शिकवतो तेव्हा तो गुरू होतो, त्याची भट्टी चालूच राहते. बाईने मात्र शिकवण्यावरच थांबायचे.

म्हणून आपल्या गटांनी मागणी लावून धरावी. सार्वजनिक पैशातून पुतळा होणार असेल, तर पुतळा समितीत बायका हव्यात आणि स्त्री शिल्पकारांकडून नमुने मागवलेच पाहिजेत. शाळांच्या सहली किल्ल्यांवर जातात तशा ओतकामाच्या भट्टीवरही जाव्यात. मुलींना आधी ती आग जवळून पाहू द्या.