डिफरंटचा वांधा

मराठी मध्यमवर्गीय माणसाला दोन गोष्टींतला फरक कळतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती एवढीच, की कळलेला फरक त्याला आता सांगता येतो का? साडी कशी आहे? ‘डिफरंट.’ जावई कसा आहे? ‘जरा डिफरंट आहे.’ शेजारच्या काकूंनी पाठवलेली आमटी? ‘डिफरंट लागते हं!’ आता साडीचा रंग उठून दिसतो, जावई चारचौघांत तोंड उघडत नाही आणि आमटीत मीठ नाही, या तीन अगदी निरनिराळ्या हकिकती. पण तिन्हींवर एकच शिक्का मारून आपण मोकळे होतो. आमटी मात्र पुढच्या खेपेलाही अळणीच येते, कारण काकूंना कुणी काही सांगितलेलंच नसतं.

‘त्या दोघा भावांत डिफरन्सेस आहेत’ हे वाक्य तर घरोघरी ऐकू येतं. अहो, म्हणजे नेमकं काय आहे? मतभेद असतील, तर भाऊ भांडतात आणि त्याच पंगतीला जेवायला बसतात. अबोला असेल, तर ‘दादाला म्हणावं, मीठ पाठव’ असा निरोप मुलांमार्फत जातो. बेबनाव असेल, तर चुली वेगळ्या होतात. वितुष्ट आलं, की बांधावर मोजणीदार येतो आणि हाडवैर असेल, तर नातवंडांपर्यंत तारखा पडत राहतात. आपल्या बापजाद्यांनी भावकीच्या भांडणाला अशा पाच पायऱ्या बांधून ठेवल्या. समेट करायला जाणाऱ्या माणसाला कुठल्या पायरीवर उभं राहायचं, ते शब्दावरून कळायचं. ‘डिफरन्सेस’ म्हटल्यावर बिचाऱ्यानं बरोबर पेढे न्यायचे की वकील न्यायचा?

यात इंग्रजीचा काही दोष आहे, असं मी म्हणत नाही. इंग्रज याबाबतीत मोठा चिकित्सक. त्याचा ‘डिफरंट’ वेगळा, ‘डिस्टिंक्ट’ वेगळा, ‘डायव्हर्स’ वेगळा आणि ‘डिस्परेट’ आणखी वेगळा. ‘डिफरंट’च्या पुढे ‘फ्रॉम’ लावायचं, ‘टू’ लावायचं की ‘दॅन’, यावर त्यांच्यातल्या व्याकरणवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातलेत. एवढ्या मोठ्या दुकानातून आपण आणलं काय? तर समोर लटकवलेला एक शब्द. आणि तोच लग्नाला, बारशाला आणि दहाव्याला घालून हिंडतो आहोत.

परकी शब्दांनाही माझी हरकत नाही. ज्या ‘फरक’ शब्दावर मी इतका वेळ उड्या मारतोय, तो अरबीतून फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला. ‘तफावत’ही तिकडचीच. शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तरी ही मंडळी आपल्या घरातून हलली नाहीत, कारण ती पडेल ते काम करत होती. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला, त्यातला ‘दर्जा’सुद्धा अरबी! तेव्हा पाहुण्यानं यावं, खुशाल राहावं. फक्त आल्या आल्या घरातल्या माणसांना बाहेर काढू नये.

मग माझं भांडण कशाशी आहे? ते समजायला माझ्याबरोबर लासलगावला चला. निफाड तालुक्यातलं हे गाव. 1947 साली इथं बाजार समिती स्थापन झाली आणि आज कांद्याच्या भावासाठी सगळा देश या गावाकडे बघतो. भाषेच्या प्राध्यापकांनी वर्षातून एकदा तरी इथल्या लिलावाला उभं राहावं, असं माझं मत आहे. ज्याला आपण घरी नुसता ‘कांदा’ म्हणतो, तो इथं आधी हंगामानं वेगळा होतो. पावसाळ्यात वाढून दिवाळीच्या मागंपुढं येतो तो लाल, त्याच्यामागून येणारा तो रांगडा आणि चाळीत साठवून पावसाळा काढतो तो उन्हाळ. मग आकार. बारीक ती गोल्टी, तिच्याहून थोराड तो गोल्टा. मग गुणदोष. एका सालीत दोन निघाले तर जोड, दांडा धरला तर डेंगळे आलेला, वरची साल उडाली तर पत्ती गेलेला आणि खराब, टाकाऊ ती खाद. हे सगळं शाळेत न गेलेली म्हातारी कांदा हातात घेता घेता सांगते. यातला प्रत्येक शब्द म्हणजे एक भाव आहे. गोल्टी म्हटलं की एक, खाद म्हटलं की दुसरा.

याच बाजारात ‘वांधा’ नावाची एक चीज आहे. लिलावाच्या वेळी ट्रॅक्टरमध्ये वर दिसलेला माल आणि खळ्यावर रिकामा करताना खालून निघालेला माल यांत तफावत पडली, की वांधा निघतो आणि भावाची पुन्हा ओढाताण सुरू होते. आता समजा, व्यापारी म्हणाला, ‘तात्या, खाद फार निघाली.’ तात्या कंबर कसून उभे राहतात. ‘कुठंय खाद? दाखवा शेठ. ही खाद नाही, नुसती पत्ती गेलीय. आतून चिरून बघा.’ कांदा चिरला जातो, चार माणसं वाकून बघतात, कुणीतरी एक खरा ठरतो. पण तोच व्यापारी जर म्हणाला, ‘तात्या, क्वालिटी डाऊन आहे,’ तर तात्यांनी काय चिरायचं? क्वालिटी काही कांद्याच्या आत बसलेली नसते. क्विंटलमागं पन्नास रुपये कमी घेऊन ते गपचूप ट्रॅक्टरवर चढतात.

माझं भांडण आहे ते एवढंच. ‘खाद’ म्हणणाऱ्याला ती दाखवावी लागते. ‘क्वालिटी’ म्हणणाऱ्याला काहीच दाखवावं लागत नाही. सरकारी खरेदीत ‘एफएक्यू’ अशी तीन अक्षरं असतात. त्यांचा अर्थ रास्त सरासरी दर्जा. कागदावर त्यांचेही निकष असतात, नाही असं नाही. पण ढिगाजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या कानावर जर नुसतं ‘एफएक्यूत बसत नाही’ एवढंच पडलं, तर बसत नाही म्हणजे कुठून उठलं, हे त्यानं कुणाला विचारायचं?

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं कांदे विकतो? खरं आहे, आपण विकत नाही. पण मुलींची लग्नं जमवतो, भाड्यानं घरं देतो. ‘तसं काही नाही हो, पण त्यांचं कल्चर डिफरंट आहे,’ असं म्हणून चांगली चांगली स्थळं आणि भाडेकरू आपण जिन्यावरून परत पाठवले आहेत. हेच मराठीत बोलायचं ठरवा. ‘ते आमच्या जातीचे नाहीत’ असं म्हणावं लागेल, आणि ते म्हणताना जीभ अडखळेल. अडखळू दे की! मराठीत ‘पंक्तिभेद’ म्हणून एक शब्द आहे. एकाच पंगतीत कुणाला तूप, कुणाला कोरडा भात, असा वाढप्याचा उद्योग. आणि तो शब्द कानी पडला की वाढप्याचा हात थबकतो. ‘डिफरंट ट्रीटमेंट’ म्हटल्यावर कुणाचा हात थबकल्याचं मी पाहिलेलं नाही.

तेव्हा यापुढं कुणी डिफरंट म्हणालं, तर मान डोलावून सोडून देऊ नका. ‘म्हणजे कसं?’ एवढं विचारा. साडी असो, सून असो की सोयरीक. समोरचा माणूस एक तर नीट मराठीत सांगेल, नाहीतर गप्प बसेल. काकूंच्या आमटीपासून सुरुवात करायला माझी तरी हरकत नाही. मीठ मी बरोबर घेऊन येतो.